साजोरीवाली

माझ्या सासरच्या गावात मला माझ्या नावाने हाक मारणारं कोणी नाही, आणि कधी नव्हतंही. गडचिरोलीहून चामोर्शीकडे जाणाऱ्या एसटीने थोडं पुढे गेलं की लागणारं हे धानाचं गाव. इथे लग्न होऊन आलेली बाई ज्या गावाहून येते त्याच गावाची म्हणून ओळखली जाते. मूल गावची असेल तर मूलवाली, आरमोरीची असेल तर आरमोरीवाली. मी राजुऱ्याकडच्या साजोरीची, म्हणून साजोरीवाली. एकाच गावाच्या दोघी आल्या तर मोठी आणि लहानी. लहानी साजोरीवालीही आमच्याकडे आहे. माझ्या माहेरच्याच आळीतली, माझ्यानंतर कितीतरी वर्षांनी आलेली. तीसुद्धा आता सासू झाली, तरी लहानीच आहे.

हे मी कौतुकाने सांगत नाही. शहरातले लोक ही गोष्ट ऐकून 'किती छान प्रथा' म्हणत मान डोलावतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. त्यांच्या बायकोला कोणी जन्मभर 'नाशिकवाली' म्हणून बघावं, मग विचारावं किती छान वाटतं ते.

आमच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. आईबापांनी ठेवलेलं नाव त्या ताटात पुसलं गेलं. नवं नाव रेशनकार्डावर चढलं आणि तिथेच राहिलं. नवरा मला 'ऐकलं काय' म्हणतो आणि चारचौघांत 'बाबूची आई'. ती दोन्ही नावं मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी वापरायची होती त्यांनी वापरली नाहीत, तुम्हाला त्यांचं काय काम?

नवीन नवरी असताना या साजोरीवालीने मला फार छळलं. साजोरीची जमीन काळी, तिथे कापूस, तूर आणि नंतर सोयाबीन. धान आम्ही ताटात पाहिलेला. सासरी पहिल्याच पावसाळ्यात मला रोवण्याला नेलं. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावताना बाया चिखलात ओळीने उभ्या राहतात आणि लावत लावत मागे सरतात. मी कापूस वेचणारी, आम्ही पुढे चालतो. मी खाली मान घालून लावत लावत पुढे निघाले आणि आपण लावलेले पऱ्हे आपल्याच पायाने तुडवत गेले. मान वर केली तर सगळी ओळ माझ्या पाठीमागे, आणि मी एकटी चिखलाने भरलेल्या बांधीच्या मध्यात. बाया पोट धरून हसल्या. सासू शेताच्या धुऱ्यावरून ओरडली, "अवं साजोरीवाले, तुमच्या साजोरीत लोक असेच चालते काय?"

चूक माझी एकटीची होती, पण त्या दिवसापासून साजोरीच्या सगळ्याच लोकांना चालता येत नव्हतं. भाजीत मीठ जास्त पडलं की साजोरीचे लोक खारट. मी उशिरा उठले की साजोरीत सूर्य उशिरा उगवतो. माझ्या धाकट्या दिराशी माझं वाजलं तेव्हा साजोरीचं पाणीच तिखट निघालं. एकट्या माझी म्हणून कोणतीच चूक नव्हती आणि एकट्या माझा म्हणून कोणताच गुण नव्हता. चांगलं काही केलं तर सासू म्हणायची, "आता शिकली आमच्या घरी." म्हणजे वाईट ते साजोरीचं आणि चांगलं ते त्यांचं. या हिशेबात मी कुठे होते?

मी आत उसळत होते, पण एक गोष्ट माझ्याही नकळत झाली. मी साजोरीची अब्रू राखायला लागले. भात शिजवताना मनात यायचं की हा भात गिजका झाला तर तिकडे माझ्या बापाला बोल लागेल. रोवणं तर मी असं शिकले की पुढच्या काही वर्षांत माझी ओळ सगळ्यात सरळ जायची. ज्या नावाचा मला संताप होता त्याच नावासाठी मी कंबर मोडत होते. आता विचार करते तेव्हा वाटतं, माणूस असाच घडत असावा. लोक एक नाव चिकटवतात. आपण ते ओरबाडून काढायला बघतो, नाही निघत, मग त्यालाच शोभेल असं वागायला लागतो. पुढे कधीतरी तेच आपलं तोंड होऊन बसतं. यात आपण काय निवडलं, हे विचारायची सोय राहत नाही.

डी.एड. मी लग्नाआधीच केलं होतं. पुढे नोकरी लागली आणि फिरत फिरत सासरच्याच गावातल्या शाळेत आले. पोरं मॅडम म्हणायची, त्यांचे आईबाप साजोरीवाली मॅडम. एकदा तपासणीला आलेल्या एका साहेबाने बाहेर पारावर बसलेल्या लोकांना विचारलं की इथल्या मॅडमचं नाव काय. एकालाही सांगता आलं नाही. पोलीस पाटील फार विचार करून म्हणाला, "साजोरीवाल्या हायेत जी त्या." साहेबाने शेऱ्यात मला 'श्रीमती साजोरीवाले' करून टाकलं. मी त्या पोलीस पाटलाला भर रस्त्यात झापलं. तो बिचारा मनापासून म्हणाला, "बाई, गावात कोणाचं काही अडलं तर आमी काय म्हणतो? जा, साजोरीवालीले विचार. मग याच्यापेक्षा मोठं नाव कोणतं राह्यते?"

मला हसू आलं, राग गेला नाही, पण त्यानंतर कोणी साजोरीवाली म्हटलं की मी ओ द्यायला लागले. आधी द्यायची ती नाइलाजाची ओ होती.

इकडे माझं नाव रुजत होतं आणि तिकडे साजोरी उखडली जात होती. कोळशाची खदान आधी लांब होती. मग तिने शेतं घेतली. मग ब्लास्टिंगने घरांना तडे जायला लागले. मारोतीच्या देवळाला तडा गेला, बौद्ध वस्तीतल्या विहारालाही गेला. ब्लास्टिंगला जात कळत नाही. दुपारची ठरलेली वेळ झाली की बाया भांडी फळीवरून खाली काढून ठेवायच्या. धुण्याच्या पांढऱ्या लुगड्यावर काळी धूळ बसायची. कंपनीचे लोक यायचे, खुर्च्यांवर बसायचे, चहा प्यायचे आणि विकास म्हणजे काय ते समजावून सांगायचे. शेवटी सगळं गाव उचलून राजुरा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवलं.

गाव उठल्यावर एकदा माझा मोठा भाऊ मला मोटारसायकलवर बसवून खदान दाखवायला घेऊन गेला. कडेला उभा राहून त्याने बोट दाखवलं आणि म्हणाला, "ते तिथी आपलं घर होतं." त्याचं बोट हवेत होतं. जमीन असती तर जमिनीकडे दाखवलं असतं. खाली खूप खोल पिवळी यंत्रं रांगत होती आणि पलीकडे उपसलेल्या मातीचा डोंगर उभा होता. मी रडले. भाऊही रडला, पण तोंड दुसरीकडे करून.

त्या दिवशी परत सासरी आले आणि पाण्याला गेले तर हातपंपावर शेजारीण म्हणाली, "आली काय साजोरीवाली?" मी तिथेच बादली ठेवली. जगाच्या पाठीवर साजोरी आता कुठेच नव्हती, फक्त या बाईच्या तोंडात होती. आयुष्यभर ज्या हाकेचा राग केला तीच आता मला गोड लागली, आणि मग त्या गोडव्याचाही राग आला.

मागच्या वर्षी धान कापून घरात आल्यावर भावाचा फोन आला. नव्या वसाहतीच्या रस्त्यावर कमान बांधली आहे, तिचं उद्घाटन आहे. गावच्या सगळ्या लेकींनी यायचं, डोक्यावर कळस घेऊन मिरवत कमानीतून आत यायचं, प्रत्येकीला साडी मिळणार. मला बरं वाटलं. मी लहानीला सांगायला गेले तर तिला आधीच माहीत होतं. तिच्या भाच्याने मोबाइलवर कमानीचा फोटो पाठवला होता.

"कमानीवर काय लिवणार हाय माहीत हाय का तुमाले, बाई?" ती म्हणाली. "ग्रीन सिटी."

"काय?"

"ग्रीन सिटी. पोरायनं नाव काढलं. साजोरी नाई म्हणते आता."

मी तिथूनच भावाला फोन लावला. तो म्हणाला, अजून काही पक्कं नाही, त्याच दिवशी सकाळी ग्रामसभेत ठरणार आहे, दुपारी फीत कापायची आहे. "तू ये तर खरं, मग पाहू," म्हणाला. भाऊ 'पाहू' म्हणतो तेव्हा त्याने पाहून झालेलं असतं. मी ठरवलं, जायचं ते साडीसाठी नाही. गाव त्यांनी नेलं, आता नावही नेणार असतील तर मी तोंड उघडणार होते. कारण ते नाव गेलं तर माझ्यापाशी काय उरत होतं? ताटात पुसलेलं एक, रेशनकार्डावरचं एक, आणि बाबूची आई.

एसटीत लहानी माझ्या शेजारी बसली. चंद्रपूरला गाडी बदलेपर्यंत ती साडी कोणत्या रंगाची असेल यावरच बोलत होती. मी म्हटलं, तुला काही वाटत नाही का? ती म्हणाली, "वाटते ना. पण मी बोलीन तं कोण ऐकीन? तुमी बोला, मी मागून हो म्हणतो." मग तिने चिवड्याची पुडी उघडून माझ्यापुढे धरली.

वसाहतीत रस्ते सरळ आहेत, घरं एका मापाची. रस्त्याच्या कडेने लोखंडी जाळ्यांत झाडं लावली होती. जाळ्या शाबूत होत्या, झाडं वाळून काटक्या झाली होती. ग्रीन सिटी हे नाव ज्याने कोणी सुचवलं असेल त्याने निदान एकदा घराबाहेर येऊन बघायचं होतं.

सभा समाजमंदिरात भरली. पुढे सतरंजीवर पुरुष, मागच्या भिंतीला टेकून गावच्या सुना, आणि आम्ही लेकी एका बाजूला खुर्च्यांवर, पाहुण्या म्हणून. खुर्ची मिळाली म्हणजे मत मिळालं नाही, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. उपसरपंच पंचविशीतला पोरगा, शिकलेला, नम्र, हातात मोठा मोबाइल. त्याने नीट मांडणी केली. साजोरी सांगितलं की सोयरिकीला आलेले लोक म्हणतात, ते खदानीत गेलेलं गाव ना, आणि चहा पिऊन उठतात. मोबाइलच्या नकाशात साजोरी टाकलं की खड्डा येतो, सामान आणून देणारा पोरगा खड्ड्याच्या कडेला जाऊन फोन करतो. "किती दिवस आपण खड्ड्याच्या नावानं जगावं?" असं त्याने विचारलं, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहिले.

"आत्या, बसा ना. जेवण झालं का बोलू आपण," तो म्हणाला.

"जेवायला नाही आले मी," मी म्हटलं. शाळेत तीसेक वर्षं पोरांवर घातलेला आवाज होता, तो बरोबर लागला. "हे नाव तुम्ही सांभाळलं नाही, आम्ही सांभाळलं. तुम्ही आपसांत कधी म्हणता काय रे साजोरी? तुम्हाला गरजच नाही. चामोर्शीला, मूलला, वणीला, जिथे जिथे या गावची लेक दिली तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोणीतरी साजोरी म्हणते. आमच्या चुकांनी म्हणते, आमच्या कामांनी म्हणते. आम्ही त्या नावाच्या शिव्या खाल्ल्या. जमीन नेताना आम्हाला विचारलं नाही, गाव उठवताना विचारलं नाही. आता नाव नेताना तरी विचाराल का नाही? का नुसते कळस उचलायला बोलावलं?"

लहानी मागून जोरात म्हणाली, "हो!"

समोरचा एक म्हातारा, माझ्या बापाच्या बरोबरीचा, न रागावता म्हणाला, "बाई, तू लेक. लेकीनं यावं, गोड खावं, सुखानं जावं. इथी राहणाराले ठरवू दे." बाकीचे माना डोलवायला लागले. त्या म्हाताऱ्याने मला खांद्यावर घेऊन जत्रेला नेलेलं मला आठवतं. त्याच खांद्याचा माणूस मला पाहुणी म्हणत होता. उपसरपंचाने जेवणाची सुट्टी केली आणि सांगितलं की परत आल्यावर हात वर करून ठरवू.

भावाच्या घरी जेवायला बसलो. वहिनी वाढत होती. मी घास न घेता भावाला विचारलं, "तू एक शब्द का नाही बोलला?"

तो ताटातलं कालवत म्हणाला, "काय बोलू? नाव नांगरता येत नाई." मग म्हणाला, "तू ते नाव घेऊन गेली, तिकडं जपलं. मी इथी राह्यलो. मले साजोरी म्हटलं का खदान दिसते. आपल्या बापाचं मढं उघडं पडलं असं वाटते. रोज कमानीवर तेच वाचू काय?"

"मग झाकून टाक ग्रीन सिटीनं," मी म्हटलं. "मढ्यावर हिरवी चादर!" वाईट बोलले. पण मागे घेतलं नाही, आणि आजही घेत नाही.

भाऊ उठून हात धुवायला गेला. वहिनी भाताचं पातेलं हातात घेऊन तशीच उभी होती. ही माझी वहिनी आष्टीची. साजोरीत सगळे तिला आष्टीवाली म्हणत. शांत बाई. इतक्या वर्षांत आमच्या घरच्या भांडणात तिने कधी तोंड घातलं नव्हतं.

"बाई, एक बोलू काय?" ती म्हणाली. "साजोरी तुमची होती. माही कधी झाली?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"तुमची आई मरेपर्यंत मले आष्टीच्या पाण्यावरून बोलली. मी तिथी पोरं काढली, तिथी म्हातारा-म्हातारीचं केलं, तरी कोणी मले साजोरीची म्हटलं काय? गाव उठलं तवा तुमचे भाऊ रडले, तुमीबी रडल्या. मले रडू आलं नाई. खोटं कायले सांगू? सामान ट्रकात टाकलं अन् मी पुढं बसली." तिने पातेलं खाली ठेवलं. "इथी आलो तं सगळेच नवीन. नळ कधी येते तुमच्या भावालेबी माहीत नाई, मलेबी नाई. दुकान कुठी हाय, यायलेबी इचारा लागे, मलेबी. लगन झाल्यापासून पयल्यांदा आमी दोघं संगंच एका गावात आलो. पोरानं दारावर पाटी लावली, त्याच्यात माहं नाव टाकलं. शेजारची बाई ते वाचून त्याच नावानं आवाज देते. कमानीवर साजोरी लिवलं तं मी उद्यापासून पुन्हा आष्टीवाली. तुमच्या नावासाठी मी काऊन होऊ?"

मला तिचा भयंकर राग आला. चिखलात ओळीपुढे एकटी उभी असताना माझ्या पोटात जे होतं तेच ही बाई बोलत होती, शब्द न् शब्द. मी ते तेव्हा कोणाजवळ बोलले नाही. ती बोलली, आणि माझ्याचविरुद्ध बोलली.

"मग माझं काय?" मी शेवटी विचारलं. आवाज माझा मलाच लहान वाटला.

"तुमचं नाव तुमच्या सासरी हाय ना. ते कोण नेते?" ती म्हणाली आणि मला भात वाढला.

सभा परत भरली. उपसरपंचाने विचारलं, ग्रीन सिटी कोणाला पाहिजे. पोरांचे हात वर आले, ते येणारच होते. पण त्यांच्याही आधी मागच्या भिंतीपासून हात वर आले. त्या साऱ्या सुना. पदर सावरत, बांगड्या मागे सरकवत, आणि नवऱ्याकडे न पाहता. आष्टीवालीचा, गोंडपिपरीवालीचा, कोरपनावालीचा. गावाने त्यांना जन्मभर बाहेरची म्हटलं होतं आणि आज गावाचं नाव त्या ठरवत होत्या. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि त्यांच्यात जाऊन बसायचंही होतं. माझ्या भावाने कशालाच हात वर केला नाही. साजोरीसाठी विचारलं तेव्हा चार-दोन म्हातारे हात आले. मीही माझा हात वर केला. उपसरपंच हळूच म्हणाला, "आत्या, तुमचा खाली घ्या, मोजताना घोळ होते." मी खाली घेतला नाही. त्याने मला सोडून मोजलं.

दुपारी मांडव भरला. उद्घाटनाला पाहुणे म्हणून कोण आले होते? खदानीचे साहेब. त्यांना शाल दिली, नारळ दिला, गळ्यात हार घातला. ज्यांनी गाव खणून नेलं त्यांच्याच हातात कात्री दिली आणि नव्या नावाची फीत त्यांनी कापली. साहेब भाषणात म्हणाले की नवी ओळख मिळाल्याबद्दल गावकऱ्यांचं अभिनंदन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सकाळपासून मी भावावर भडकले, पोरांवर भडकले, वहिनीवर भडकले, त्या म्हाताऱ्यावर भडकले. दिवसभर आम्ही घरातलेच एकमेकांचे गळे धरून बसलो होतो, आणि हा माणूस हार घालून हसत होता. जुनं नाव, नवं नाव, कोणाचं कोणतं, हे भांडण त्याच्या यंत्रांनी आमच्यात टाकलं, आणि त्या सभेत खदानीविरुद्ध एकही हात वर झाला नव्हता. माझाही नाही. तो प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

कळस मी डोक्यावर घेतला नाही. लहानीने घेतला, हौसेने, आणि कमानीतून वाजतगाजत आली. मी मांडवात एका कडेला बसून राहिले. वहिनी मधे एकदा येऊन पाण्याचा ग्लास ठेवून गेली.

मग साडीवाटप आलं. मांडवात बायांची गर्दी झाली. कोण गावची सून, कोण गावची लेक, साड्या वाटणाऱ्या पोरांना कळेना. एक पोरगा हात पुढे केलेल्या प्रत्येकीला साडी देत सुटला. उपसरपंचाने त्याला थांबवलं आणि माईक हातात घेतला.

"एक मिनिट, एक मिनिट," तो म्हणाला. "गडबड करू नका. ग्रीन सिटीतल्या बाया तिकडे भिंतीजवळ उभ्या राहा. साजोरीवाल्या बाया, इकडे समोर या."

मांडवात कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाया खळखळ करत दोन बाजूंना झाल्या. वहिनी तिकडे गेली. माझ्या बापाच्या गावात, माझ्याच लोकांत, मला पहिल्यांदा कोणी साजोरीवाली म्हटलं होतं. जन्मभर सासरी ऐकलेली हाक आता माहेरातही तीच झाली. म्हणजे इथलीही नाही. म्हणजे बाहेरून आलेली, त्या दुसऱ्या गावाची, जे कुठेच नाही.

लहानीने माझा दंड धरून हलवलं. "उठा ना बाई. आपल्यालेच बोलावून राह्यले."

मी उठले. संताप गेला नव्हता, तरी उठले, कारण हाक माझीच होती.